दारव्ह्याकडच्या रिपेअरिंगच्या दुकानात घरी बनवलेला गिटारचा पेडल नेला, त्याचा रिव्ह्यू

सरळच सांगतो, यवतमाळ जिल्ह्यात कोणाकडं गिटारचा पेडल (पायानं दाबून आवाज बदलायचा डबा), ॲम्प, मिक्सर असं काहीबी बंद पडून असन अन् पुण्या-मुंबईले कुरिअर करायचा विचार चालू असन तर थांबा, आधी दारव्ह्याकडच्या या काकांना नेऊन दाखवा. दुकानाचं नाव अन् नंबर टाकत नाही कारण काकांनीच नको म्हटलं, एकटा माणूस आहे, दिवसभर फोन घेत बसले तर काम कोण करन. तालुक्यातल्या कोणत्याही भजनी मंडळाले नाहीतर ऑर्केस्ट्रावाल्याले विचारा ॲम्प्लिफायर चांगला कोण करते म्हणून, तो बरोबर तिथंच पाठवते.

आमचं काम जरा वेगळं होतं. मी भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, १४ एप्रिलच्या आसपास तर रोज कुठं ना कुठं प्रोग्राम असते, अन् आमच्या इथं स्टेजवर बेंजो, ऑर्गन, ढोलक, पॅड हे सगळं एकाच वेळेस सुरू असते त्यात गिटारचा सोलो कोणाले ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर नुसता गोंगाट वाढते. म्हणून भाच्याच्या मागं लागलो, तो पॉलिटेक्निकले इलेक्ट्रॉनिक्स शिकते, म्हटलं आपण ओव्हरड्राईव्ह पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फुगवून जरा फाटका करणारा, घरीच बनवू. सर्किट निवडलं ते ट्यूब स्क्रीमरचं, इबानेझचा तो हिरवा पेडल, १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानमधे आला अन् आजपर्यंत जगभर लोक त्याची नक्कल करून रायले. त्याची खुबी अशी का ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज तो कमी फुगवते, म्हणजे बेसचा चिखल होत नाही अन् मधला आवाज पुढं येते, बेंजो-ऑर्गनच्या गर्दीतून गिटार बाहेर काढायले हेच पाहिजे. ड्राईव्हचं बटन कमीवर असलं तर गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, १२ पट, फुल केलं तर ११८ पटीपर्यंत जाते, अन् आयसीच्या फीडबॅकमधे दोन डायोड उलटसुलट लावलेले असतात ते आवाजाची टोकं गोल करतात, तीच ती गरगर.

बोर्ड भाच्यानं घरीच बनवला. कॉपर क्लॅडवर, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या पाटीवर, डिझाईन उतरवून नको ते तांबं खाऊन टाकणाऱ्या फेरिक क्लोराईडमधे बुडवला, भोकं पाडली, सगळं एकदम साफ काम. पार्ट ऑनलाईन मागवले. अन् इथंच घोळ होता पण तो आम्हाले नंतर समजला. लिस्टमधे दोन ट्रान्झिस्टर होते सी १८१५, ते विकणाऱ्याकडं नव्हते म्हणून त्यानं बीसी ५४७ पाठवले अन् पावतीवर लिहिलं इक्विव्हॅलंट, चालून जाईल. बाकी सगळं बरोबर होतं.

पेडल जोडला, पायाचा स्विच दाबला, लाल लाईट लागला अन् आवाज गायब. परत दाबला का लाईट बंद अन् गिटार सरळ ॲम्पमधे, एकदम साफ. म्हणजे जॅक, वायरी, स्विच बऱ्यापैकी ठीक, डब्यात सप्लाय येत होता, भानगड बोर्डावर होती. मोठ्या शहरातल्या एका म्युझिकच्या दुकानाले फोटो पाठवले तर त्यांनी बोर्ड न पाहता सांगितलं का घरी बनवलेलं आम्ही हातात घेत नाही, ते फेका अन् नवीन घ्या. मले याचा खरंच राग आला, कारण पोरानं मेहनत केली होती अन् असं एक दोन वेळा झालं का ही पोरं परत हात लावत नाहीत.

मग बेंजोवाल्या भाऊंनी काकांचं दुकान सांगितलं. दुकान म्हणजे एक शटर, आत टेबल, वरून लोंबणारा लाईट, अन् चारही बाजूनं रिपेअरिंगले आलेलं सामान. भजनी मंडळाचे ॲम्प्लिफायर, फवारणी पंपाचे चार्जर, मोटरपंपाचे स्टार्टर, इन्व्हर्टरचे बोर्ड, अन् सर्वात जास्त झटका मशीन, रानडुकरं अन् रोही वावरात घुसू नये म्हणून कुंपणाले लावतात ती. पहिले मले वाटलं का या माणसाले गिटारच्या पेडलचं काय समजन. काकांनी बोर्ड हातात घेतला, उलटा करून पाह्यला अन् भाच्याले विचारलं, "बेटा, बोर्ड तूच बनवला का?" तो हो म्हटला. "लाईन चांगल्या आल्या तुह्या. डायग्राम आणला का?" डायग्रामची प्रिंट होती ते बरं झालं.

आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण काकांकडं जायचं कारण हेच आहे. त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवायलेच टाकलं नाही. आमच्याकडचे बाकी मेकॅनिक पहिले आयसी बदलून पाहतात, मग कंडेन्सर, मग ट्रान्झिस्टर, अन् दोन तासानं बोर्डाची पूर्ण चाळणी. काका म्हणे, "अंदाजानं पार्ट काढायचा नाही. आवाज कुठंलोक येते ते पहिले ऐकायचं." अन् त्यांनी खालून जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचा डबा काढला, आतमधे एलएम ३८६ नावाच्या आयसीचा छोटा ॲम्प बसवलेला, स्पीकर त्याच रेडिओचा. डब्यातून दोन वायरी बाहेर, एकीले ग्राउंडची क्लिप अन् दुसरीले मल्टीमीटरची जुनी टोकदार प्रोब, प्रोबच्या मागं ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सिरीजमधे, म्हणजे बोर्डावरचं डीसी व्होल्टेज ॲम्पमधे शिरत नाही, फक्त आवाज जाते. जुन्या काळी रेडिओ दुरुस्त करणारे असंच टप्प्याटप्प्यानं सिग्नल धरत जायचे. गिटार कोण सारखी वाजवत बसते, म्हणून मोबाईलवर एक गाणं लावलं, व्हॉल्यूम बारीक ठेवला अन् इअरफोनच्या पिनीतून पेडलच्या इनपुटले दिलं.

मग प्रोब लावत लावत निघाले. इनपुट जॅकवर गाणं साफ. पहिल्या कंडेन्सरच्या अलीकडच्या पायावर साफ. पलीकडच्या पायावर गाणं एकदम बारीक, चिरकं, बेस बिलकुल नाही. ट्रान्झिस्टरच्या ज्या पायातून आवाज बाहेर निघाले पाहिजे तिथं तर सन्नाटा. भाचा पाहतच राह्यला, इतक्या लवकर पूर्ण बोर्डातून भानगड एका ट्रान्झिस्टरच्या आजूबाजूले येऊन थांबली. काका म्हणे, "आता मीटर लावू, ते का म्हणते पाहू."

ट्रान्झिस्टरचे तीन पाय, बेस, कलेक्टर अन् एमिटर (हा बेस पायाचं नाव, आवाजातला बेस नाही), इथं आवाज बेसमधे शिरते अन् एमिटरमधून निघते. डायग्राममधे एमिटरवर १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडले जाते अन् बेसले ५१० किलोओहममधून साडेचार व्होल्ट भेटतात. म्हणजे बेसवर चारच्या आसपास पाहिजे अन् एमिटरवर त्याच्यापेक्षा सहा-सात दशांश कमी, साडेतीनच्या जवळपास. मीटरनं एमिटरच्या जागेवर दाखवले ८.४. बेसच्या जागेवर पण तेवढेच. काका थोडा वेळ चूप बसले, डायग्रामवर पेन्सिल ठेवून, मग म्हणे, "हे आतले दोनी जंक्शन, दोनी जोड, एकाच वेळेस चालू होऊन बसले. पाय उलटेपालटे आहेत याचे." अन् तेव्हाच त्यांनी आयर्न तापवायले लावलं.

ट्रान्झिस्टर बाहेर काढून मल्टीमीटर डायोडच्या रेंजवर केला. पुस्तक नाही उघडलं, इंटरनेट नाही पाह्यलं. लाल प्रोब एका पायाले धरून काळी बाकीच्या दोघायले लावून पाहायची, ज्या पायावरून दोन्हीकडं साडेसहाशे-सातशे मिलिव्होल्टच्या आसपास आकडा येते तो बेस, अन् त्या दोघायत ज्याच्याकडं आकडा किंचित जास्त तो एमिटर. हे ट्रान्झिस्टर एनपीएन जातीचे असल्यानं लाल प्रोब बेसले. भाच्याले स्वतःच्या हातानं करायले लावलं. निघालं असं का बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडं धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अन् सी १८१५ तशीच धरली तर एमिटर, कलेक्टर, बेस. दिसायले दोघंबी सारखेच काळे, तीन पायाचे, कामबी सारखंच करतात, पण बसायची जागा वेगळी. विकणाऱ्यानं इक्विव्हॅलंट लिहिलं ते कामाच्या हिशोबानं खोटं नाही पण पायाचा क्रम बदलते हे एका ओळीत लिहिलं असतं तर इतका खटाटोप झाला नसता, ज्याचा धंदाच पार्ट विकायचा आहे त्यानं हे सांगायलेच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काकांनी वायरीवरची बारीक नळी कापून ट्रान्झिस्टरच्या पायायवर चढवली, तिसरा पाय वरून नेऊन पहिल्या भोकात घातला, बाकीचे दोन एकेक घर पुढं सरकवले, शॉर्ट होऊ नये म्हणून नळी. दुसऱ्या ट्रान्झिस्टरलेबी तसंच, तो आउटपुटचा. सप्लाय दिला, एमिटरवर आले साडेतीनच्या जरासे वर. आयसी सॉकेटमधे होता, तो त्यांनी आधी काढून ठेवला होता, रिकाम्या सॉकेटवर पहिले ८ नंबरच्या पायावर ९ व्होल्ट अन् ४ नंबरवर शून्य पाहून घेतलं अन् मगच बसवला. बसवल्यावर बाकीचे सहाच्या सहा पाय साडेचारच्या आजूबाजूले. हा ४५५८ नंबरचा आयसी वापरणाऱ्या, ९ व्होल्टवर चालणाऱ्या बहुतेक पेडलमधे हीच खूण लक्षात ठेवा, एखादा पाय ९ कडं नाहीतर शून्याकडं पळाला असन तर त्याच पायाच्या मागं लागायचं.

गिटार लावली अन् आवाज आला. भाच्याचं तोंड पाहायसारखं झालं होतं. पण काम संपलं नव्हतं, टोनचं बटन फिरवलं का आवाज मधातच तुटे, परत येई. आम्ही म्हटलं पॉट, म्हणजे बटनाखालचा फिरवायचा रेझिस्टर, खराब असन, बदलून टाका. काका म्हणे थांबा. बांबूची सुकी काडी घेतली, धातूची नाही कारण धातूनं शॉर्ट होते, अन् आवाज चालू ठेवून बोर्डावर एकेक पार्ट हळूच दाबत गेले. पॉटले कितीबी हलवलं तर काही नाही, पण त्याच्या बाजूचा बोर्डाचा कोपरा दाबला का कर्र. मग बोर्ड काढून लाईटच्या समोर धरला. ग्लास इपॉक्सीचा बोर्ड असला तर मागून उजेड आरपार येते, त्यात ट्रॅकवर एक केसाएवढी पांढरी रेघ दिसली. तांबं तिथं आधीच पातळ झालेलं, बटन फिरवलं का बोर्ड किंचित वाके अन् रेघ उघडे. काकांनी ट्रॅक खरवडला, फ्लेक्झिबल वायरीतला एक तार काढून वरून झोपवला अन् दोन्हीकडं सोल्डर केला. पॉट जुनाच राह्यला. म्हणजे पॉट बदलला असता तर पैसे गेले असते अन् आवाज तसाच तुटत राह्यला असता.

शेवटची गोष्ट हम, म्हणजे स्पीकरमधे सारखा घूं घूं येते त्या आवाजाची. आमच्याकडं राउटरचा अडॅप्टर होता, त्याच्यावर पेडल लावायचा विचार होता. काकांनी पहिले बॅटरीवर वाजवून पाह्यलं, एकदम शांत. मग अडॅप्टरची पिन मीटरनं पाह्यली तर मधात प्लस. गिटारचे पेडल बहुतेक उलटे असतात, मधात मायनस, अन् बाहेर प्लस. आमच्या बोर्डावर उलट्या सप्लायपासून वाचवायले डायोड आहे पण तो सप्लायले पॅरलल, म्हणजे उलटा अडॅप्टर लावला तर डायोड शॉर्ट करून बोर्ड वाचवते पण स्वतः जळू शकते. त्यांनी अडॅप्टरची वायर कापून बदलून दिली अन् वरून टेपवर मार्करनं बाण करून दिला. तरी अडॅप्टरवर थोडी किरकिर येतेच, ती स्विचिंगची असते, त्यात आमच्या गावात अर्थिंगचा पत्ता नाही अन् बाजूच्या वावरातली मोटर चालू झाली का स्पीकरमधे ठक्क वाजते. काकांचा सल्ला, प्रोग्रामले बॅटरीच वापरा, हा पेडल इतका कमी करंट खाते का ९ व्होल्टची बॅटरी आरामात पुरते. अन् प्लास्टिकच्या डब्यातून काढून ॲल्युमिनियमच्या डब्यात टाका, डबा ग्राउंडले जोडा, जॅक जिथं बसते तिथला आतला रंग घासून काढा नाहीतर जोडला तरी जुळत नाही. हे आम्ही केलं अन् फरक लगेच समजला.

मधात एक वेगळी गोष्ट. काकांकडं बिस्किटच्या टिनच्या डब्यात जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत, एसी १२८, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, एकेकाळी आपल्याकडच्या रेडिओत हेच असायचे. ज्यायले माहीत आहे त्यायच्या डोळ्यात पाणी येईन. १९६६ मधे आलेला फझ फेस पेडल सुरुवातीले जर्मेनियमवरच होता अन् आज जगात लोक असे ट्रान्झिस्टर हुडकत फिरतात. मी दोन घेतले. काकांनी देताना सरळ सांगितलं का उन्हाळ्यात याचा भरोसा धरू नको, गरमीनं लिकेज, म्हणजे आतून गळणारा करंट, वाढते, मे महिन्यात आमच्याकडं ४५ च्या वर पारा जाते तेव्हा जुने रेडिओ दुपारी फाटल्यासारखे वाजत अन् रात्री ठीक होत. त्यांनी दोघायचं लिकेज मीटरवर मोजून दाखवलं, जो जास्त गळत होता तो बाजूले ठेवून दुसरा दिला. विकायच्या वेळेस असं कोण करते.

आता जे पटलं नाही तेबी लिहितो. वेळेचं काही खरं नाही. खरीप सुरू झाला का दुकानात झटका मशीनचा ढीग लागते अन् शेतकऱ्याचं काम काका पहिले करतात, ते बरोबरच आहे पण आपल्याले थांबावं लागते. पावती देत नाहीत, चिठ्ठीवर नाव लिहून रबर बँडनं बांधून ठेवतात, म्हणून आपल्या वस्तूवर स्वतःच मार्करनं नाव टाका. ऑनलाईन पेमेंट नाही, रोख न्या. अन् ते मोबाईलसारखे बारीक चिकटलेले पार्टवाले बोर्ड घेत नाहीत, डिजिटल मल्टी-इफेक्टचा प्रोसेसर गेला असन तर तिथं जाऊन उपयोग नाही, त्याले नागपूरच. टोन कसा पाहिजे, कोणता डायोड लावला तर आवाज गरम येईन, हेबी त्यायले विचारू नका, ते म्हणतात का मले संगीतातलं समजत नाही, मी फक्त आवाज कुठं अडला ते सांगतो.

पैसे घेतले २०० रुपये, पूर्ण पेडलचे, अडॅप्टरची वायर बदलली तीबी त्यातच. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत. भाच्याले प्रोबचं सर्किट कागदावर काढून दिलं अन् म्हणे घरी बनव, पुढच्या वेळेस माह्याकडं यायची गरज पडू नये. आता तो बेंजोवाल्या भाऊंचा पिकअपचा प्रीॲम्प त्याच प्रोबनं पाहून रायला.

जाणार असान तर सर्किट डायग्रामची प्रिंट न्याच, मोबाईलवर दाखवून काम होत नाही, काकांना पेन्सिलनं खुणा कराव्या लागतात. पार्ट कोणते लावले अन् लिस्टमधे कोणते होते ते दोन्ही लिहून न्या, बदली आलेल्या पार्टवर गोल करा. पेडलसोबत नवी ९ व्होल्टची बॅटरी न्या, अन् गिटार नेता आली नाही तरी चालते, मोबाईलवर गाणं लावूनच ते पाहतात, फक्त मोबाईलले इअरफोनचं भोक असलं पाहिजे, माह्या नवीन फोनले नव्हतं म्हणून भाच्याचा जुना फोन कामी आला. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गाडी लावायलेबी जागा नसते.